माधानचे प्रज्ञाचक्षू आणि पंधराव्या वर्षाचा प्रश्न

संतचरित्र लिहिण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. जन्म, बालपणीच्या अलौकिक खुणा, गुरुकृपा, चमत्कार, ग्रंथरचना आणि अखेर समाधी, अशा पायऱ्या चढत चरित्र पूर्ण होते आणि वाचक हात जोडून बाजूला होतो. वऱ्हाडातील प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांच्या वाट्यालाही बहुतांशी हीच रीत आली. वर्षाचे होण्याआधीच दृष्टी गमावलेल्या, शाळेचा उंबरठा न ओलांडलेल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात सव्वाशेहून अधिक ग्रंथ व प्रकरणे सिद्ध करावीत, हे ऐकून कोणीही थक्क व्हावे. श्रद्धावंताला त्यात ईश्वरी प्रसाद दिसतो, आणि त्या श्रद्धेशी वाद घालण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु याच चरित्राच्या पोटात दुसरी एक हकीकत आहे. एक अंध मुलगा वयात येत होता तेव्हा त्याच्या भोवती कोण होते, त्यांनी काय केले आणि त्यामुळे तो समाजात कर्ता पुरुष म्हणून कसा उभा राहिला, ही ती हकीकत होय. आजच्या शिक्षकाला आणि पालकाला तीच अधिक उपयोगी पडणारी आहे.

गुलाबराव गोंदाजी मोहोड यांचा जन्म ६ जुलै १८८१ रोजी अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी या गावी, आजोळी झाला. आईचे नाव अलोकाबाई. घराणे चांदूर बाजार तालुक्यातील माधानचे, व्यवसाय शेतीचा. आठ-नऊ महिन्यांचे असताना डोळे आले, चुकीचे औषध पडले आणि दृष्टी कायमची गेली, असे चरित्रकार सांगतात. त्या काळी खेड्यापाड्यांत अशा रीतीने कितीतरी बालकांचे डोळे जात, आणि त्यांची नोंद घ्यायला कोणी चरित्रकार येत नसे. चार वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. त्यानंतरची काही वर्षे आजीने या मुलाला लोणीला सांभाळले. पुढे तो माधानला वडिलांकडे आला.

आईविना, दृष्टीविना वाढणाऱ्या या मुलापुढे कोणते भविष्य होते? अंधांसाठी भारतातील पहिली शाळा अमृतसरला १८८७ साली निघाली, तेव्हा तो सहा वर्षांचा होता. मुंबईत अशी शाळा सुरू झाली ती १९०० मध्ये. तोवर तो एकोणीस वर्षांचा झाला होता. बोटांनी वाचण्याची लिपी लुई ब्रेल याने फ्रान्समध्ये १८२० च्या दशकातच शोधून काढली होती. पण भारतीय भाषांसाठी तिचे एकच मान्य रूप ठरायला १९५१ साल उजाडावे लागले. तात्पर्य, माधानच्या त्या मुलाला शाळा नव्हती, लिपी नव्हती आणि सरकारी योजना तर नव्हतीच. घराण्याची भाकरी मिळाली तर घराच्या कोपऱ्यात बसून राहावे, नाही तर टाळ-चिपळ्या घेऊन दारोदार फिरावे, एवढेच दोन मार्ग गरिबाघरच्या अंधाला बहुधा मोकळे असत. त्यातच १८९९-१९०० च्या दुष्काळाने सबंध वऱ्हाडची दैना केली. अशा वेळी ज्याच्या हातून शेतीचे काम होत नाही त्याला घरात किती किंमत उरते, हे कोणा शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

या मुलाला तिसरा मार्ग सापडला. त्याचे कान उघडे होते आणि स्मरणशक्ती विलक्षण होती. एकदा ऐकलेले त्याच्या मनात ठसत असे. चरित्रकार येथे थांबतात आणि स्मरणशक्तीचे कौतुक करतात. आपण किंचित पुढे जाऊन विचारले पाहिजे, की ऐकवले कोणी? स्मरणशक्ती म्हणजे धान्याची कोठी; तीत धान्य कोणी तरी आणून ओतावे लागते. पोथी वाचणारा, श्लोक म्हणून दाखवणारा, अडलेल्या शब्दाचा अर्थ सांगणारा कोणी ना कोणी रोज त्या मुलाजवळ बसत होता. पुढे महाराज प्रवासाला निघत तेव्हा ग्रंथांच्या पेट्या बरोबर असत आणि ते ग्रंथ वाचून दाखवणारी माणसेही असत. ज्ञानेश्वरी, उपनिषदे, दर्शने, आयुर्वेद, संगीत हे विषय तर त्यांच्या लेखनात आहेतच. पण डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला आहे. इंग्रजीतून आलेले हे विचार वऱ्हाडातील एका अंध तरुणापर्यंत पोहोचले, याचा अर्थ ते कोणी तरी वाचले, समजून घेतले आणि मराठीत त्याच्या कानी घातले, असाच होतो.

जे आत गेले ते बाहेर येण्यासाठीही दुसऱ्याचा हात लागला. महाराज सांगत आणि शिष्य लिहून घेत. अभंग, ओव्या, पदे, सूत्रे, गद्य प्रकरणे, स्त्रियांसाठी गाणी, मुलांसाठी गोष्टी, असा हा विस्तीर्ण पसारा आहे. 'संप्रदायसुरतरू'सारखा मोठा ग्रंथ त्यातलाच. लेखनिक दमला की थांबला असेल, चुकला की पुन्हा सांगावे लागले असेल. शिष्यपरंपरेत बाबाजी महाराज पंडितांचे नाव आदराने घेतले जाते. पण लिहून घेणाऱ्या आणि वाचून दाखवणाऱ्या सर्वांची नावे आज आपल्याला ठाऊक नाहीत. महाराजांनी 'नावंग' नावाची एक स्वतंत्र भाषाही रचली होती, असे परंपरा सांगते. ज्याला अक्षर दिसत नाही त्याला भाषेच्या घडणीविषयी इतके कुतूहल असावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१८९६ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्यांचा विवाह मनकर्णिकेशी झाला. बालविवाहाचे समर्थन आज कोणी करणार नाही. परंतु त्या काळाच्या रीतीप्रमाणे या घटनेचा एक अर्थ होता. घराने आणि गावाने या अंध मुलाला इतर मुलांप्रमाणेच संसाराचा, जबाबदारीचा, प्रौढत्वाचा अधिकारी मानले. तो कायमचे मूल राहील असे गृहीत धरले गेले नाही. १९०१ मध्ये आळंदीला ज्ञानेश्वर महाराजांची कृपा झाल्याचे सांप्रदायिक सांगतात. तेव्हापासून ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले आणि मधुराद्वैत हा त्यांचा विचार आकाराला आला. २० सप्टेंबर १९१५ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला तेव्हा वय होते चौतीस. या सगळ्या काळात आजीने, पत्नीने, घरातील स्त्रियांनी किती श्रम घेतले असतील, त्याचा हिशेब कोणत्याही ग्रंथात नाही.

याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला एक मुलगी वाढत होती. हेलन केलर हिचा जन्म २७ जून १८८० रोजी, म्हणजे गुलाबराव महाराजांच्या जेमतेम एक वर्ष आधी, अमेरिकेतील अलाबामा प्रांतात झाला. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या आजारात तिची दृष्टी आणि श्रवण दोन्ही गेली. गुलाबरावांचा कान हा त्यांचा राजमार्ग होता. हेलनला तोही बंद होता. मार्च १८८७ मध्ये ॲन सलिव्हन ही तरुण शिक्षिका तिच्या घरी आली. ॲनची स्वतःची दृष्टीही अधू होती. तिने हेलनच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढण्यास आरंभ केला आणि महिन्याभरात, पाण्याच्या धारेखाली हात धरून, प्रत्येक वस्तूला नाव असते हे तिला उमगवले. ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांनी घरोघर पोहोचवली आहे.

पाठ्यपुस्तके बहुधा तेथेच संपतात. हेलनच्या आयुष्यातला अवघड भाग मात्र पुढे होता. १८९६ साली, म्हणजे माधानला गुलाबरावांचे लग्न झाले त्याच वर्षी, सोळा वर्षांची हेलन महाविद्यालयाच्या तयारीसाठी केंब्रिजच्या शाळेत गेली. वर्गातील प्रत्येक वाक्य ॲन तिच्या हातावर उतरवत असे. १९०४ मध्ये रॅडक्लिफ महाविद्यालयाची पदवी तिने मिळवली. त्यानंतर प्रश्न आला पोटाचा. लेखन, व्याख्याने, १९२० नंतर काही वर्षे चक्क करमणुकीच्या रंगमंचावरील प्रयोग आणि १९२४ पासून अंधांच्या राष्ट्रीय संस्थेचे काम, असा तिचा उपजीविकेचा मार्ग होता. १९१६ मध्ये तिने विवाहाचे ठरवले तेव्हा घरच्यांनी तो होऊ दिला नाही. जगाने जिचा जयजयकार केला त्या छत्तीस वर्षांच्या विदुषीला घराने मात्र अजून लहान मूलच मानले होते. १९५५ साली ती भारतात येऊन गेली. १९६८ मध्ये निवर्तली.

ही दोन चरित्रे शेजारी ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. दोघांचीही बुद्धी असामान्य होती, हे खरेच. परंतु बाल्य संपून प्रौढत्व सुरू होते त्या उंबरठ्यावर दोघांजवळही तीन गोष्टी होत्या. जगाशी बोलण्याचे एक साधन होते. ते साधन रोज वापरणारा दुसरा माणूस जवळ होता. आणि ज्याला समाजात किंमत आहे असे एक काम त्यांच्या हाती होते. यांपैकी एक जरी नसती तरी बाकीच्या दोन निष्फळ ठरल्या असत्या.

आज वऱ्हाडातील बधिरांध किशोरांचा प्रश्न नेमका याच उंबरठ्यावर उभा आहे. बधिरांध म्हणजे पूर्ण अंध व पूर्ण बहिराच असतो, असे नाही. ज्याचे पाहणे आणि ऐकणे दोन्ही इतके उणे आहे की एकाची भर दुसऱ्याने काढता येत नाही, तो बधिरांध. गर्भारपणी आईला रुबेला म्हणजे जर्मन गोवर झाल्याने काही मुले जन्मतःच अशी असतात. काही मुले जन्मतः बहिरी असतात आणि किशोरवयात त्यांना रात्री दिसेनासे होते, मग दृष्टीचा घेर हळूहळू आक्रसत जातो. वैद्यकशास्त्र यास अशर सिंड्रोम म्हणते. मूकबधिर विद्यालयातला एखादा हुशार विद्यार्थी संध्याकाळी ठेचकाळू लागला, बाजूने केलेल्या खुणा त्याला दिसेनाशा झाल्या, तर ते आळशीपणाचे लक्षण नसून डोळे तपासण्याची सूचना असते, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असले पाहिजे. त्या मुलाला खुणांची भाषा येते. आता तीच भाषा डोळ्यांऐवजी हातांनी, समोरच्याच्या हातावर हात ठेवून, वाचायला त्याला वेळेवर शिकवावे लागते.

महाराष्ट्रात या विषयाला आरंभ मुंबईत झाला. बेरोझ वाच्छा यांनी १९७७ मध्ये स्थापिलेली हेलन केलर संस्था ही बधिरांधांसाठी काम करणारी देशातली पहिली संस्था. अशा संस्थांच्या अनुभवातून शिक्षणाची जी पद्धत तयार झाली आहे ती साधी, पण चिकाटीची आहे. मुलाचा हात धरून ओढायचा नाही. आपला हात त्याच्या हाताखाली ठेवून काम करायचे, म्हणजे हात केव्हा काढून घ्यायचा हे त्याच्या इच्छेवर राहते. दिवसाचा क्रम वस्तूंनी सांगायचा: चमचा हाती आला की जेवण, गोणपाटाचा तुकडा आला की काम. भिंतीच्या कडेने जाण्याची वाट, नोटांचे आकार व त्यांवरील उठावाच्या खुणा, कपडे, स्नान, वयात येणाऱ्या मुलीला मासिक पाळीची निगा, अनोळखी स्पर्शाला नकार देण्याची रीत, हे सारे शिकवावे लागते. कारण इतर मुले जे पाहून आणि ऐकून फुकट शिकतात ते या मुलाला कोणी दिल्यावाचून मिळत नाही.

आणि मग काम. विकलांगांचे काम म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मेणबत्त्या, खडू आणि विणलेल्या खुर्च्या येतात. मेणबत्तीला बाजार आहे काय, त्या मुलाला ते काम आवडते काय, हे कोणी विचारत नाही. अकोल्यात डाळ मिल आहेत, वरूड-मोर्शीकडे संत्र्यांची प्रतवारी व पेटीभरणी चालते, गावोगाव रोपवाटिका आहेत, कापसाच्या मुलखात वाती वळण्याचे घरगुती काम आहे. यांतील कोणते काम कोणाला जमेल हे खोलीत बसून ठरत नाही. काम लहान लहान पायऱ्यांत तोडून, प्रत्यक्ष त्या जागी, रोज ठरावीक वेळी करून पाहावे लागते; शेजारी काम करणाऱ्या दोघा-तिघांना तळहातावर अक्षर काढायला शिकवावे लागते. ही तयारी चौदाव्या-पंधराव्या वर्षी सुरू झाली तर अठराव्या वर्षी फळ दिसू लागते. अठराव्या वर्षी सुरू केली तर बहुधा फार उशीर झालेला असतो.

कायद्याची भाषा या बाबतीत उदार आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने बधिरांधत्वाचा स्पष्ट उल्लेख केला. शासकीय नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी जे चार टक्के आरक्षण आहे त्यातील एक टक्का स्वमग्न, बौद्धिक दिव्यांग, मानसिक आजारी, अध्ययन-अक्षम आणि बधिरांधांसह बहुविकलांग, अशा सर्वांना मिळून आहे. एवढ्या वाटेकऱ्यांत बधिरांधाच्या पानात काय पडेल, हे उघड आहे. मोफत शिक्षणाचा हक्क वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत आहे. त्यापुढे शाळेचे दार मिटते आणि मूल पुन्हा आईच्या हाती येते. आई म्हातारी होते. माझ्यानंतर याचे कसे होणार, हा प्रश्न अशा घरांत रोज रात्री निजताना उभा राहतो आणि सकाळी कोणी त्याचे उत्तर देत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये बहुविकलांग व्यक्तीला कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे, आणि त्यासाठीच्या स्थानिक समितीत जिल्हाधिकारीही असतात. परंतु सोय असणे आणि ती अशा घरापर्यंत पोहोचणे यांत मोठे अंतर आहे.

अठराव्या वर्षाच्या या भिंतीविरुद्ध वऱ्हाडातूनच एक आवाज दीर्घकाळ उठत आला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. माधानच्या शेजारच्या अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ व विकलांग मुलांसाठी बालगृह चालवले. रस्त्यावर, स्थानकांवर टाकून दिलेली मुले त्यांनी आपली मानली, बाप म्हणून आपले नाव दिले, काहींची लग्ने लावून दिली. आणि अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून विकलांग अनाथाला घराबाहेर काढणारा नियम बदलावा, असा आग्रह धरला. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी तेथे वाढलेल्या एका अंध तरुणीने राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक पदाची परीक्षा उत्तीर्ण केली. तिची बुद्धी तिची स्वतःची. पण तिला घर मिळाले, शिकवणारे मिळाले आणि अठराव्या वर्षी तिचा हात कोणी सोडला नाही.

अशी उदाहरणे वाचून भारावून जाणे सोपे असते. भारावलेला समाज मात्र बहुधा असाधारणांचीच वाट पाहतो. गुलाबराव महाराजांसारखी प्रज्ञा किंवा हेलन केलरसारखी जिद्द प्रत्येक मुलात नसते, ती असावी अशी अट घालण्याचा आपल्याला अधिकारही नाही. साधारण बुद्धीच्या, कदाचित आयुष्यभरात शंभर खुणाच शिकू शकणाऱ्या मुलालाही सकाळी उठून कामाला जाण्याचा, चार पैसे हाती घेण्याचा, आवडत्या माणसाशेजारी बसण्याचा हक्क आहे.

म्हणून मागणी थोडकी आहे. अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत दृष्टी व श्रवण दोन्ही अधू असलेल्या प्रत्येक मुलाची नोंद व्हावी. त्याला चौदावे वर्ष लागताच शिक्षक, पालक, एखादा व्यावसायिक आणि ते मूल स्वतः, अशांनी एकत्र बसून पुढच्या चार वर्षांचा लेखी आराखडा करावा. त्यात मूल कशाने बोलते, कोणते काम करून पाहायचे, कोठे राहायचे, हे असावे. आणि अठराव्या वर्षानंतर त्याच्याजवळ कोण असेल, त्या माणसाचे नाव असावे. त्या माणसाला वेतन असावे. निव्वळ आईच्या मायेवर हा भार टाकून समाजाने मोकळे होऊ नये.

उरलेले काम सरकारचे नाही, आपले आहे. परीक्षेला लेखनिक हवा असतो आणि तो मिळत नाही. आठवड्यातून दोन तास वाचून दाखवणारा हवा असतो आणि तोही मिळत नाही. महाविद्यालयातला विद्यार्थी, कचेरीतून सुटलेला कारकून, निवृत्त शिक्षक यांच्यापाशी एवढा वेळ निश्चित आहे. महाराजांचे ग्रंथ आजही अमरावतीत आणि माधानात श्रद्धेने वाचले जातात. ते ज्यांनी लिहून घेतले, आणि त्याही आधी एका अंध मुलाजवळ बसून ज्यांनी त्याला पोथ्या वाचून दाखवल्या, ती सारीच माणसे विद्वान असतील असे नाही. त्या कामाला अक्षरओळख आणि शेजारधर्म लागतो.